आधी सुई, मग हत्यार

मी दातांचा डॉक्टर. एक्स-रेत जे दिसतं त्यावर माझा विश्वास. भुताखेतांचं कुणी काढलं की मी सरळ विषय बदलतो. तरीही हे लिहितोय... कारण दोन वर्षं पोटात ठेवलं, आता राहवत नाही.

दवाखाना कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शिरोळहून स्वप्नाली आली होती. सतरा वर्षांची, सोबत आई. उजवा खालचा जबडा सुजलेला, दाढ हलत होती. आधी काढलेल्या एक्स-रेत जबड्याच्या हाडात काळी पोकळी दिसत होती. अशा सिस्ट, म्हणजे हाडातल्या पोकळ गाठी, मी किती तरी उघडल्यात. दाढ काढायची, पोकळी साफ करायची, टाके घालायचे. सगळी तयारी करून तिला आत बोलावलं.

खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, “डॉक्टर, बाहेरच्या मॅडमनी निरोप दिलाय. आधी सुई, मग हत्यार... म्हणावं त्या शहाण्याला.”

मी गारच पडलो. हे वाक्य कॉलेजातल्या आमच्या मॅडमचं! जबड्यातली पोकळी उघडण्याआधी सुई घालून, आत काय आहे ते ओढून बघायचं, यासाठी त्या आमच्यावर ओरडायच्या. मी हल्ली ते करत नव्हतो. घाई... आणि थोडा माजही.

बाहेर डोकावलो. बाकं रिकामी. रिसेप्शनवरची सुनीता म्हणाली, “ह्या दोघींशिवाय कोण आलंच न्हाय की.”

स्वप्नालीची आईही तेच म्हणाली. “मी शेजारीच हुते. पोरगी कुणासंगं बोलली न्हाय, डॉक्टर.”

भूल देऊन सुई घातली. सिरिंज लालभडक रक्तानं भरत गेली – मी दट्ट्या नीट ओढायच्या आधीच. तिथंच थांबलो. दाढ उपटली असती तर तो रक्तस्राव माझ्या दवाखान्यात आवरला नसता.

तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. स्कॅन झाला, तुकडा तपासला. निदान – अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट. हाडातली रक्तानं भरलेली गाठ. कॅन्सर नव्हे, पण जबड्यात फार क्वचित सापडते. सर्जननी रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून ती खरवडून काढली. आज हाड भरून आलंय. पोरगी नर्सिंगला आहे.

आणि मॅडम? त्या हयात आहेत. पण पक्षाघातानं वाचा गेलेली, अंथरुणाला खिळलेल्या. तीन वर्षं मी तिकडं फिरकलो नव्हतो. स्वप्नाली आली त्याच दिवशी संध्याकाळी रंकाळ्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो.

मी काही बोलायच्या आतच त्यांचे यजमान म्हणाले, “बरं झालं आलास. आज सकाळी अकराला हिच्या तोंडून शब्द फुटला रे! आजारपणानंतर पहिलाच. ‘सुई’ म्हणाली. मला वाटलं इंजेक्शन हवंय... नर्सला बोलावून बसलो.”

मी मॅडमच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. तोंडी परीक्षेत चुकल्यावर बघायच्या, तशा त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच माझा हात धरला.

त्यानंतर त्या कधीच बोलल्या नाहीत. मी दर रविवारी जातो, आठवड्याच्या केसेस सांगतो. त्या दिवशी काय घडलं, हे मात्र त्यांना विचारायचा धीर झालेला नाही... आणि मला स्वतःला ते आजही कळलेलं नाही.