खिशातला फ्यूज

वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. चाळिशीत कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार! तिला वकिलीची हौस नव्हती. एकच दावा जिंकायचा होता, नवऱ्याचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. खाली खड्ड्यात काम करत असताना लिफ्ट अंगावर आली आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. कंपनी म्हणाली, खड्ड्यात उतरण्याआधी लिफ्टचा फ्यूज काढून ती बंद करायची असते, यानेच तो काढला नव्हता, चूक याचीच. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणे, आठवत नाही. वकिलांनी हात टेकले, तेव्हा बाई पदर खोचून पुस्तकांच्या मागे लागली.

निष्काळजीपणाच्या धड्याला तिने लिफ्टच्या शंका विचारून सरांचं डोकं खाल्लं. शेवटी सरांनी वर्गात लिफ्टचाच लुटुपुटूचा खटला लावला आणि काकूंना मुद्दाम कंपनीची बाजू दिली. "समोरच्याच्या डोक्यात शिरल्याशिवाय तुम्हाला तुमच्या बाजूचं दुबळेपण कळायचं नाही," ते म्हणाले.

काकूंनी एकच प्रश्न लावून धरला, काढला होता तर फ्यूज कुठे होता? समोरच्या पोरीला उत्तर देता येईना. काकू जिंकल्या, टाळ्या पडल्या आणि त्या थांबायच्या आत काकू घरी निघाल्या.

घरी येऊन ती नवऱ्याच्या पलंगाशी बसली. "तुम्ही फ्यूज काढलाच नव्हता, हे आज मी सगळ्यांना पटवून आले," ती म्हणाली. "खरं सांगू? मलाही पटलं."

तेवढं मात्र त्याला सहन झालं नाही. "खिशात होता माझ्या!" तो ओरडला आणि रडायला लागला.

"मग लिफ्ट चालू कशी झाली?"

"फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावून."

"कुणी?"

तो दाराकडे बघत राहिला. त्या दारातून रोज सकाळ-संध्याकाळ तिचा धाकटा भाऊ यायचा. दोघं एकाच कंपनीत, एकाच जोडीत कामाला होते. आता तोच दाजींना आंघोळ घालायचा, कूस बदलून द्यायचा.

"त्याने वरून हाक मारली होती. मी ओ दिली, पण त्याला ऐकू गेली नाही. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा फ्यूज खिशात विसरून चहाला गेलो."

तिला रडू आवरेना. धुण्यात त्याच्या पँटच्या खिशातून तिने कितीदा फ्यूज काढले होते, वर भावाला सांगून हसलीही होती. पण फ्यूजची जागा रिकामी म्हणजे आत माणूस, हे लिफ्टवाल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. धोका ठाऊक असून केलं, तर त्याला नुसता निष्काळजीपणा म्हणायचं का? धडा तिला तोंडपाठ होता, पण त्यात हे नव्हतं. भावाचं नाव घेतलं तर तो तुरुंगात जाणार. नाही घेतलं तर दावा बुडाला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुला एकच तर भाऊ आहे. आणि मला उचलणारं दुसरं कोण आहे?"

जिन्यात पावलं वाजली. भाऊ हल्ली लिफ्टने येतच नसे. तो आत आला, बाह्या सरसावल्या आणि रोजचंच विचारलं, "ताई, आपण जिंकू ना गं?"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"नाही जिंकणार," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या पायांकडे जाऊन उभी राहिली. "चल, तू डोक्याकडून धर."