मंजुळामावशी बागेत मुलगा दाखवतात

कल्याण पूर्वेच्या मंजुळामावशींना बागांविषयी काही विचारायचं असेल तर हातातलं काम आधी उरकून घ्यावं. कुठल्या बागेला तिकीट नाही, कुठल्या बागेला आहे पण सकाळी फिरायला येणाऱ्यांना नऊपर्यंत माफ आहे, कुठल्या बाकाला पाठ नाही आणि कुठल्या बाकाची नुसती पाठच उरली आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. उद्यान खात्यालाही एवढं ठाऊक असेल असं वाटत नाही. असलंच तर ते सांगत नाहीत.

मावशी एकतीस वर्षं शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि मावशींनी चालता चालता लग्नं जमवायला घेतली. आजवर अकरा जमली. त्या पैसे घेत नाहीत, साडी घेत नाहीत. अट एकच, बघण्याचा कार्यक्रम घरी होणार नाही, बागेत होईल.

"अहो, दहा बाय बाराची खोली," त्या सांगतात. "त्यात मुलाकडची नऊ माणसं. कॉटवर पाहुणे, कॉटखाली आपलं सामान, दारात अख्खी चाळ. मुलगी ट्रेकडे बघत येते, मुलगा प्लेटकडे बघत बसतो. कुणी कुणाला बघितलं? सगळ्यांनी मिळून पोहे बघितले!"

बागेत त्यांची पद्धत ठरलेली. दोन्हीकडची मिळून सहा माणसं, त्याहून एक जास्त नको. मोठ्यांनी बाकावर बसायचं आणि मुलामुलीनं ट्रॅकवर दोन फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत माणूस पाठ करून आलेलं बोलतो, दुसरीत दम लागतो आणि मग खरं बोलतो, असं मावशींचं शास्त्र आहे. त्या स्वतः ऐकत नाहीत, लांबून नुसती चाल बघतात. मुलीला दहा पावलं मागं टाकून पुढं गेला म्हणून एक इंजिनीअर त्यांनी पहिल्याच वळणावर नापास केला होता. त्याचा पगार सांगायला आलेल्या मामांना त्या म्हणाल्या, "पगार चांगलाय हो, पण तो घेऊन हा एकटाच पुढं जाणार."

मागच्या हिवाळ्यात पाळी आली ती मावशींच्याच धाकट्या बहिणीच्या मुलीची. दर्शना टिटवाळ्याला राहते, शहाडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. वय एकतीस. घरी पाच कार्यक्रम झाले होते. पाचव्याला मुलाच्या आत्यानं तिला चष्मा काढून दाखवायला सांगितलं. त्या रात्री दर्शनानं वडलांना, दगडूभाऊंना, सांगून टाकलं, "पप्पा, आता अजून एक. तोही मावशीच्या पद्धतीनं. नाही जमलं तर परत हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

दर्शना बोलते कमी आणि बोललेलं करते जास्त. त्यामुळे दगडूभाऊंची झोप गेली. मावशींना काही झालं नाही. त्यांनी कोलशेतचा सुदेश शोधला, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करणारा, आणि मुलाकडच्यांना जवळ पडावी म्हणून ठाण्यातलीच एक मोठी तिकिटाची बाग ठरवली. रविवार, सकाळी साडेसात. म्हणजे आरामात दोन फेऱ्या होऊन नऊच्या आत सगळे बाहेर.

टिटवाळ्याची माणसं सव्वासातला गेटवर हजर होती. कोलशेतची, रिक्षानं दहा मिनिटांवरची, आली साडेआठला. जवळ राहणाऱ्याला उशीर करायला फार वाव असतो. सुदेशची आई सुमतीबाई, काका आणि सुदेश. सगळ्यांचं जयभीम झालं. मावशींनी घड्याळ बघितलं आणि मुलामुलीला म्हणाल्या, "तुम्ही निघा. ओळख चालता चालता होईल."

दोघं निघाली. इकडे बाकावर दगडूभाऊंनी आणि सुमतीबाईंनी एकमेकांची गावं विचारून संपवली, नातेवाईक विचारून संपवले आणि मग दोघंही गवताकडे बघू लागली. मुलं तळ्याच्या पलीकडे वळली तेवढ्यात शिट्टी वाजली.

"नऊ वाजले! मॉर्निंगवाले, चला बाहेर! ज्यांना थांबायचंय त्यांनी तिकीट घ्यायचं!"

सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकत आला आणि फिरायला आलेल्या आजोबांबरोबर वधूपक्ष आणि वरपक्षही गेटबाहेर ढकलले गेले.

"आक्का, हे काय झालं?" दगडूभाऊंचा आवाज चढला. "मुलगी आत, मुलगा आत आणि आपण रस्त्यावर! घरी असतो तर कुणी शिट्टी मारली असती का?"

"घरी पाच वेळा बसवलंत ना, दाजी? तिथं कुठं शिट्टी वाजली? ती बिचारी मनातल्या मनात वाजवत होती."

"फोन लावतो तिला."

"खिशात ठेवा तो."

"अहो पण एकच फेरी झाली! आता आटपलं सगळं. ती घरी येणार आणि विषय बंद करणार, मी ओळखतो तिला."

सुमतीबाईंनी घाबरून विचारलं, "कसला विषय?"

"हवामानाचा," मावशी म्हणाल्या. पण चष्मा पुसायला त्यांनी पदर घेतला, आणि तो काही लवकर सोडला नाही.

दहा मिनिटांनी दोघं आली. मागून सिक्युरिटीवाला, दोन आरोपी कोर्टात आणावेत तसा. सुदेशच्या बुटांना माती, दर्शनाच्या चेहऱ्यावर काहीच नाही. सुमतीबाई पुढं झाल्या, "काय रे सुदेश?"

"थांब गं आई, रांग वाढतेय."

दोघं सगळ्यांना ओलांडून सरळ तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"दर्शना, अगं, घरी जायचं ना?" दगडूभाऊंनी विचारलं.

"पप्पा, मध्येच शिट्टी मारली त्यांनी. हे नववीत नापास कसे झाले ते सांगत होते, ते अर्धंच राहिलं."

"अहो," सुदेश म्हणाला, "हे सगळ्यांसमोर नव्हतं सांगायचं! थांबा, दोन्ही तिकिटं मी काढतो."

"का म्हणून? तुमचं तुम्ही, माझं मी."

"बरं मग, माझं तुम्ही काढा, तुमचं मी काढतो."

यावर दर्शना हसली. खिडकीतला माणूस सुट्टे मागत होता, मागचे लोक कुरकुरत होते आणि ती डोकं मागं टाकून हसत होती. वर्षभरात लग्नाचा विषय निघाला की टिटवाळ्याच्या घरात जो चेहरा दगडूभाऊंनी बघितला होता तो हा नव्हता. त्यांनी खिशातला फोन चाचपला, पण काढला नाही.

मुलं आत गेली. दगडूभाऊ हळूच मावशींजवळ सरकले.

"आक्का, एका तिकिटात किती वेळ बसता येतं?"

"बाग बंद होईपर्यंत."

त्यांनी गेटवरची पाटी दोनदा वाचली. "म्हणजे संध्याकाळ की हो. मग आपण काय करायचं?"

"आपण समोर जायचं. रस्ता ओलांडला की छोटी बाग आहे, तिला तिकीटच नाही. सावलीत तीन बाक आहेत, त्यातला डावीकडचा हलतो, त्यावर बसू नका."

दगडूभाऊंनी सुमतीबाईंच्या हातातली जड पिशवी न विचारताच घेतली.

"चहा मिळेल का तिथं?"

"मिळेल," मावशी म्हणाल्या. "पण दोन टपऱ्या आहेत, मी सांगेन तिथलाच घ्यायचा."