मुठीवरचा उजेड

फोटो काढायच्या आधी काका डावा हात समोर धरायचे, मूठ वळायचे आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे कुणाला तरी मारायला निघालेत. ते बघत असायचे मुठीच्या उंचवट्यांवर ऊन कसं पडतंय ते. मुठीवर पडतं तसंच ते नाकाडोळ्यांवर पडतं. मनासारखं झालं की आधी त्या मुठीचाच एक फोटो काढायचे आणि म्हणायचे, "बसला उजेड. या आता."

नाशिकरोडला त्यांचा छोटा स्टुडिओ होता. आत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स; पण त्यांचा जीव उघड्यावरच्या फोटोंत, त्यातही वयस्कर माणसांच्या. तुम्ही शहराबाहेरच्या मळ्यांतल्या घरी गेला असाल तर त्यांचं काम पाहिलंही असेल. मागे झेंडूचे वाफे धूसर आणि पुढे टोपीतला चेहरा, इतका स्वच्छ की आपणच नजर खाली घ्यावी. या फोटोंना पुढे कधीतरी हार लागणार हे काढणाऱ्याला आणि काढून घेणाऱ्याला, दोघांनाही माहीत असायचं. बोलायचं कुणी नाही.

मी तिथे कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचे. इंग्रजी शाळेतली, त्यात कमी बोलणारी. काका मला 'मॅडम' म्हणायचे. मराठी महिने मला क्रमाने येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी ते उजेडावरून शिकवले. "चैत्र-वैशाखात ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांचे खड्डे होतात. आषाढ-श्रावणात ढग. चेहरा सपाट, भाकरीसारखा. कार्तिक-मार्गशीर्ष आपले. सकाळी साडेसात ते साडेआठ."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी उजेड चांगला असतो, मॅडम. माणूस दमलेला असतो."

आषाढातल्या एका दुपारी एक जोडपं आलं. फुलांची शेती करणारं, पन्नाशीच्या पुढचं. बाई म्हणाल्या, "भाऊ, यांचा एक मोठा फोटो काढायचा हाय."

नवरा हसला. "मी काय मंत्री हाय का? हिचं आपलं कायतरी."

काका खुशीत आले. "मंत्र्याहून भारी काढू. पण आत्ता नाही, दिवाळी होऊ द्या. मी मळ्यावर येतो, सकाळी साडेसातला."

"आत्ता नाय का जमणार? आतमधी, लाइट लावून?"

"ताई, आत काढला तर रेशन कार्डावरच्यासारखा येईल. मनासारखा काढायचा तर चार महिने थांबा."

 बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला तोवर सगळं दिसलं होतं. नवऱ्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती. घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरत होतं. बाईंच्या पिशवीतून हॉस्पिटलचा मोठा खाकी लिफाफा डोकावत होता आणि त्यांनी तो पदराखाली दाबून धरला होता. 'काका, आत्ताच काढा,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य मनात तयारही झालं. मग मी स्क्रीनकडे वळले आणि दिवाळीनंतरच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी बाई एकट्या आल्या. त्या दिवसांत फुलवाल्यांना श्वास घ्यायला सवड नसते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. "दहाव्याला लावायचाय. एवढाच हाय."

काकांनी ते कार्ड दारातल्या उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी सांगायचं ना."

"त्यांच्यासमोर कसं सांगू? त्यांना कुठं माहीत होतं?" त्या माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "या पोरीकडं बघितलं मी. मला वाटलं, हिला कळलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

तो फोटो मी मोठा केला. कपाळ पांढरं, डोळे अर्धे मिटलेले, जबडा कुठे संपतो ते कळेना. काका शेजारी बसून सांगत राहिले, "इथं थोडं गडद करा." अर्ध्या तासाने म्हणाले, "राहू द्या. नाही येणार."

त्यानंतर काकांनी कुणाला दिवाळीपर्यंत थांबवलं नाही. वैशाखात भर बारा वाजता आम्ही मळ्यांवर जायचो. ते माणसाला आंब्याच्या सावलीत बसवायचे, मी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून चेहऱ्यावर उजेड परतवायचे. फोटो पूर्वीसारखे येत नव्हते आणि ते त्यांना माझ्याआधी दिसायचं. मूठ ते अजूनही धरायचे, फोटोही काढायचे. फक्त उजेड बसला, असं म्हणायचे नाहीत. "या," एवढंच.

मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही मळ्यावर लवकर पोचलो. ज्यांचा फोटो काढायचा ते आजोबा अजून अंघोळीला गेले होते. काका बांधावर उभे होते. थंडीने नाक लाल, मफलर कानांवरून आवळलेला, आणि त्यांनीच वर्षानुवर्षं सांगितलेला उजेड त्यांच्या गालावर येऊन थांबलेला. मुठीचा फोटो झाला होता, कॅमेरा माझ्या हातात होता. 'काका, तिथंच थांबा,' हे वाक्य मी मनात दोनदा म्हटलं. तेवढ्यात आजोबा आले.

यंदा आषाढात काका छातीत दुखून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी स्टुडिओत आली. "बाबांचा चांगला फोटो तुमच्याकडे असेलच ना? आमच्याकडे एकही नाही. सगळ्या समारंभांत तेच कॅमेऱ्यामागे."

मी हार्ड डिस्क लावली. एकेक फोल्डर उघडत गेले. प्रत्येकाची पहिली फ्रेम म्हणजे मूठ. शेकडो मुठी. काकांचा चेहरा कुठेच नाही.

शेवटी त्यांचंही आधार कार्डच आलं. मोठं करायला मीच बसले. कपाळ पांढरं, डोळ्यांखाली सावलीच नाही. स्क्रीनवरच्या शेजारच्या खिडकीत मी मार्गशीर्षातल्या त्या सकाळची मूठ उघडी ठेवली होती. बोटांच्या पेरांवरची लव सोनेरी, अंगठ्यामागे मऊ सावली. चेहऱ्यावर उजेड कुठून यायला हवा होता, ते तिच्यावरून नीट कळत होतं.