उघडा फाळका

मुलीचं कपाट, गादी, पुस्तकं तिच्या नोकरीच्या गावी उतरवली. मी आणि बायको त्याच पिकअपमधून परत निघालो, तेव्हा ड्रायव्हर अशोकभाऊंनी मागचा फाळका साखळ्यांवर खाली सोडला. मी कारण विचारलं.

“रिकाम्या हौद्यात वारा कोंडतो, साहेब. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज कमी पडतं.”

खरंखोटं देव जाणे. जाताना भरल्या गाडीत मी अखंड बडबडत होतो, आता मोकळ्या गाडीत अंग जड झालं होतं. ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणे! मागे फाळका खडखडत राहिला.

घरी पोचल्यावर सवयीने मुलीच्या खोलीचं दार ओढून घ्यायला गेलो. बायको म्हणाली, “राहू द्या उघडं. वारा कोंडतो.”