निखाऱ्यांची राखण

घाटाखालच्या वैशाखरे गावाच्या बाजूला आमचं गाव. आगीचा बंब लांबून यायचा, म्हणून आग विझवणं हे गावाचंच काम. देवळातली घंटा वाजायची थांबेनाशी झाली, की घराघरातून माणसं ओलं गोणपाट घेऊन धावत सुटायची.

भाताचं बी पेरण्याआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. एका उन्हाळ्यात बाबांनी भर वाऱ्यात राब पेटवला आणि आग रानात शिरली. अख्ख्या गावाने गोणपाटं आपटून आपटून ती विझवली. आईने सगळ्यांदेखत बाबांना फैलावर घेतलं. पण गावाची रीत अशी, की ज्याच्या हातून आग सुटली त्याने निखारे विझेस्तोवर तिथेच बसायचं, आणि त्याला एकटं बसू द्यायचं नाही. बाबा मान खाली घालून बसले. थोड्या वेळाने, बांधाच्या भांडणापायी कित्येक वर्षं न बोललेला आमचा शेजारी येऊन त्यांच्याजवळ टेकला.

"मी हाय रे," एवढंच म्हणाला.

आता मी कल्याणला राहते. परवा माझ्याच हलगर्जीपणाने कढईतलं तेल पेटलं. बंब लगेच आला, आग विझली. इमारतीतल्या मेल्यांनी खालून मोबाइलवर सगळं शूट केलं आणि आपापल्या घरी गेले. काळ्या पडलेल्या ओट्यासमोर मी संध्याकाळपर्यंत बसून होते. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.