सब्ज्याखालचं मेण

आमच्या ह्यांची दाढ काढली, तेव्हा डेंटिस्टने ती डब्यात टाकायच्या आत ह्यांनी रुमालात बांधून घेतली आणि घरी येऊन अंगणातल्या पेरूखाली पुरली. नखं, केस, दात, शरीरातून जे सुटलं ते मातीत गेलं पाहिजे, ही आमच्याकडची रीत. आम्ही कोकणी मुसलमान. पनवेलच्या बाजारात ह्यांचं काचेच्या भांड्यांचं दुकान. माझं माहेरही इथलंच आणि शाळा मराठी, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मला मराठीतच सुचतं. रीत मीही पाळते, पण ह्यांच्याइतकी नाही. माझी नखं कधीमधी मोरीतूनही गेली आहेत.

विमानतळासाठी डोंगर फोडायचं काम चालू होतं, त्या वर्षी ह्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत काही नव्हतं, म्हणून हे गप्प. मला पत्ता लागला तो संडासातल्या पाण्याच्या रंगावरून. विचारलं तर म्हणे, बीट खाल्लं होतं. आमच्या घरात बीट आणतं कोण? मी वाद घातला नाही, सरळ रिक्षा बोलावली.

डॉक्टर आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, लघवीच्या पिशवीत एक गाठ होती ती आतूनच खरवडून काढली आणि तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. जात वाईट होती, पण मुळं अजून वरच्या अस्तरातच होती, स्नायूपर्यंत गेली नव्हती. डॉक्टरांनी जुन्या कामाचं विचारलं. हे तरुणपणी आखातात रंगाच्या कारखान्यात होते, आणि सिगारेट तर तिकडूनच सोबत घेऊन आलेले. डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं आणि सिगारेट त्या दिवसापासून बंद केली. माझ्या वीस वर्षांच्या कटकटीने जे झालं नव्हतं ते त्यांच्या एका वाक्याने झालं, याचा मला थोडा रागच आला.

पुढे दोन वाटा होत्या. पिशवी ठेवायची, तिच्यात दर आठवड्याला औषध सोडायचं आणि दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहत राहायचं; किंवा पिशवीच काढून टाकायची आणि जन्मभर पोटावर लघवीची बॅग लावायची. मी विचारलं, ठेवली तर दुखणं उलटणार नाही ना? डॉक्टर म्हणाले, काहींचं उलटतं, काहींचं नाही, आणि कोणाचं उलटेल ते सूक्ष्मदर्शकातून बघून मला सांगता येत नाही. ह्यांनी पिशवी ठेवायची ठरवली. बॅग लावून नमाज कशी पढायची, ही त्यांची पहिली काळजी. जिवाची काळजी माझ्याकडे सोपवलेली होती.

औषध सोडून आले की हे एक दिवस आडवे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात. अशाच एका आडव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, त्या काढलेल्या गाठीचं पुढे काय झालं? मी चौकशी केली. लॅबवाल्यांनी सांगितलं की तुकडा मेणाच्या वडीत बसवून कपाटात ठेवलेला आहे, आम्ही वर्षानुवर्षं ठेवतो. हे मी घरी येऊन सांगितलं आणि चूक केली. आपल्या अंगाचा तुकडा कोणाच्या तरी कपाटात नंबर लावून पडलाय, हे ह्यांना सहन होईना. पेशंटने मागितली तर वडी मिळते, मुंबईला दुसरं मत घ्यायला लोक नेतातच. ह्यांनीही नेली. पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात, आपल्या आईच्या कबरीशेजारी पुरली आणि वर, आमच्यात कबरीवर लावतात तसं, सब्ज्याचं रोप लावलं. संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसले तेव्हा चेहरा हलका झालेला होता. मी म्हटलं, चला, थोडे तुम्ही आधीच पोचलात, जागा धरून ठेवलीत. तेही हसले.

पुढच्या तपासणीत पुन्हा एक छोटी गाठ दिसली. तीही खरवडली. या वेळी डॉक्टर दुकानातच आले आणि बसून बोलले. मुंबईत त्यांच्या ओळखीच्या एक संशोधक बाई अशाच गाठींवर काम करत होत्या. डॉक्टरांनी समोरच्या गल्लीकडे हात केला आणि ह्यांना समजेल असं सांगितलं: शरीरातल्या प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात, बाजारात तीच सगळी दुकानं असावीत तशी. पण काही जनुकांवर रसायनाची बारीक खूण बसते आणि त्यांचं शटर खाली येतं. गाठीला आवर घालणाऱ्या जनुकांचीच शटरं खाली आलेली असली, तर ती गाठ पुढे उलटण्याची भीती जास्त, असा बाईंचा अंदाज. अजून सगळं अभ्यासाच्या पायरीवर आहे, पक्कं काही नाही. पण पहिली गाठ आणि दुसरी गाठ, दोन्ही मिळाल्या तर त्या बघतील. पहिली वडी तुम्हीच नेलीत ना? उद्या आणून द्या.

हे काचेचे पेले पुसत होते. पुसतच राहिले. मला हसू आवरेना. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीच सांगून टाकलं की वडी जमिनीखाली आहे. मग ते म्हणाले की मेण आहे, पाणी शिरत नाही, निघेल चांगली. आणि चहा न घेताच गेले.

मला वाटलं होतं, हे दुसऱ्याच दिवशी खुरपं घेऊन जातील. ह्यांनी सांगितलं, दफन केलेली वस्तू परत काढत नाहीत. मी म्हटलं, मौलानांना विचारा. विचारलं. मौलाना म्हणाले, जिवंत माणसाच्या इलाजासाठी असेल तर खुशाल काढा, ती काही मय्यत नाही. त्यानंतर दुकानात नवा माल आला. मग गुडघा दुखायला लागला. मग जमीन ओली होती, वाळू दे म्हणाले. बाकी व्यवहारात हा माणूस आजचं काम उद्यावर टाकत नाही. दिवस जात होते आणि मी आतून उकळत होते. आतल्या आत काय चाललंय ते सांगू शकणारे दोनच तुकडे, आणि त्यातल्या एकावर आम्ही सब्जा वाढवत होतो.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी डबा घेऊन गेले होते. म्हटलं, मौलाना हो म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले, आता अडतंय कुठे? ह्यांनी डब्याचं झाकण लावून ठेवलं.

"मला कळून नाही घ्यायचं," ते म्हणाले. "वाईट निघालं तर ते घेऊन जगावं लागेल."

"आणि आत्ता काय घेऊन जगताय?" मी विचारलं. "रोज पहाटे पाण्याचा रंग बघता. मला दिसत नाही वाटतं?"

त्या दुपारी ते जेवले नाहीत. मला त्यांची इतकी दया आली की मी रागावायचं विसरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी मला दाखवलंच नव्हतं.

ऊन कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर आम्ही दोघं कबरस्तानाकडे गेलो. बायका आत जात नाहीत, म्हणून मी फाटकाशी थांबले. लांबून त्यांची पाठ आणि हातांची हालचाल दिसत होती. आधी त्यांनी सब्जा मुळासकट अलगद काढून बाजूला ठेवला, मग खणलं, आणि मग तोच सब्जा पुन्हा लावून माती दाबली. कापड कुजून गेलं होतं. मेण तसंच होतं, नंबरसुद्धा वाचता येत होता. रिक्षात वडी मी ओंजळीत धरली होती.

मुंबईहून उत्तर यायला वेळ लागला. दोन्ही गाठींत बाई शोधत होत्या त्या, शटर पाडणाऱ्या खुणा सापडल्या होत्या, दुसरीत जास्त. फक्त आमच्या कागदावर विसंबून काही ठरवू नका, असं त्यांनी बजावून लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, कागद नसता तरी मी हेच सांगितलं असतं. वाईट जातीची गाठ औषधं चालू असताना परत आली आहे, पिशवी काढू या. मला वाटतं, त्यांचं सांगणं ह्यांना त्या कागदामुळे पटलं. ह्यांनी एवढंच विचारलं की दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल.

ऑपरेशन झालं. पोटावर बॅग आली. मौलाना घरी येऊन सांगून गेले की जे आपल्या हातात नाही त्याची सूट असते, प्रत्येक नमाजेला पुन्हा हातपाय-तोंड धुऊन नवी वजू करा आणि उभे राहा. पहिल्या जुम्याला, शुक्रवारच्या नमाजेला, हे शेवटच्या रांगेत उभे राहिले. महिन्याभराने त्यांच्या नेहमीच्या जागी गेले. बॅग बदलायला मी शिकले. सुरुवातीला ते भिंतीकडे तोंड करायचे, मग दुकानातल्या गोष्टी सांगायला लागले.

काढलेली पिशवी तपासून आली, तिचा रिपोर्ट डॉक्टरांनी स्वतः वाचून दाखवला. स्नायूपर्यंत काही गेलं नव्हतं. म्हणजे आम्ही वेळेत काढली. किंवा ते कधी गेलंच नसतं आणि उगाच काढली. यातलं खरं कोणतं, हे आता कोणत्याही वडीतून आणि कोणत्याही खुणेतून निघणार नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

ह्यांना ही गोष्ट अजून सतावते. बॅग बदलताना एखादी सुरकुती राहिली, गळलं, लुंगी भिजली, की चिडतात आणि मला विचारतात, "नसती काढली तरी चाललं असतं का गं?"

मी म्हणते, माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण ते विचारतात तेव्हा मी बॅगेची कड बोटाने दाबत खाली बसलेली असते, आणि विचारणारा माणूस समोर उभा असतो. मला त्याहून जास्त काही नको होतं.