किसनच्या आईच्या खुणा

मास्क का ओढतोस, हे किसनला मी हातांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि त्याने तोंड फिरवलं. मागे उभी असलेली सिस्टर म्हणाली, "सर, यानं सकाळपासून दोनदा आईचा मास्क ओढून काढलाय. आता त्याला वॉर्डाबाहेरच काढावं लागेल."

जालन्यातल्या एका हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड. किसन चाळिशीचा, जाफराबादकडच्या एका खेड्यातला, जन्मापासून बहिरा. कॉटवर त्याची आई सखुबाई. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी, म्हणून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी साइन लँग्वेज इंटरप्रिटर. बहिऱ्या माणसाचं हातांनी बोलणं इतरांना सांगायचं आणि इतरांचं त्याला, हे माझं काम.

हे काम मी उशिरा धरलं. त्याआधी चौदा वर्षं एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये क्वालिटी इंजिनिअर होतो. तिथं सळया निघताना इतका आवाज असतो की सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. आमचा एक बहिरा ऑपरेटर त्यात सगळ्यांपेक्षा तरबेज होता. त्याच्याशी नीट गप्पा माराव्यात म्हणून मी रविवारचा क्लास लावला. मग डिप्लोमा केला आणि राजीनामा दिला. बॉस म्हणाले, "प्रमोशन तोंडावर आलंय आणि तू हातवारे करायला चाललास?" बदनापूरच्या घरात महिनाभर वडील माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तर किसन. मी शिकलेली भाषा त्याला येत नव्हती, कारण तो शाळेत कधी गेलाच नव्हता. अशा घरात खुणा आपोआप तयार होतात. आम्ही त्यांना होम साइन म्हणतो. त्या पुस्तकात सापडत नाहीत आणि उंबऱ्याबाहेर कोणाला कळत नाहीत.

मास्कच्या आतून सखुबाई म्हणाली, "सायेब, त्येला तुमचं कळत न्हाई."

"घरात अजून कोणाला त्याचं कळतं?"

"कुनाला न्हाई. मलाच."

"मास्क का ओढतो तो?"

"माझं तोंड दिसत न्हाई म्हून. तोंडाकडं बघून बोलतोय त्यो."

मी डॉक्टर मॅडमना गाठलं. मास्कऐवजी नाकातली नळी चालेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडा थोडा वेळ चालेल." मग मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. "दोन-तीन दिवस आहेत त्यांचे. मुलाला सांगावं लागेल. ते तुम्ही बघा."

नळी लावली. आईचं तोंड दिसल्याबरोबर किसन कॉटच्या कडेला बसला आणि शांत झाला.

दुपारभर मी सखुबाईकडून खुणा शिकलो. ती बोलायची, दम लागला की थांबायची. नाकातल्या चमकीच्या जागी बोट म्हणजे आई. पोटावर मूठ म्हणजे भूक. दोन्ही तळहात डोक्यावर म्हणजे घर. मी वहीत चित्रं काढत गेलो. मरणाची खूण कोणती, हे मात्र तिला विचारवेना.

शेवटी तीच म्हणाली, "डाक्टरबाई काय म्हन्ली ते मला म्हाईत हाय. त्येला सांगायचं म्हून बसलाव ना तुमी?"

मी हो म्हणालो.

"ह्याचा बाप गेल्ता तवा ह्यो नऊ वर्साचा. म्या खूण केली, बाप एसटीनं गावाला गेला. मंग ह्यो रोज फाट्यावर जाऊन बसायचा. सांजची गाडी गेली की घरी यायचा. लई दिवस. पुन्यांदा तसं करायचं न्हाई मला."

"मग त्याला कळलं कसं?"

"गाय मेली आमची. त्येचा हात धरून गायीच्या नाकाफुडं नेला. वारा न्हाई. मंग मूठ मिटली त्येची. मंग बापाची खूण केली."

तिने किसनला हाताने जवळ बोलावलं. चमकीवर बोट ठेवलं. मग तळहात नाकासमोर धरला आणि सावकाश मूठ मिटली.

किसनने जोरात मान हलवली. तिच्या नाकासमोर हात नेला, श्वास आहे असं तिला दाखवलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. शर्ट इन केलेला, वहीत लिहिणारा माणूस. मी काहीतरी वेगळं सांगेन असं त्याला वाटलं असावं.

मी तीच खूण केली. बोट, तळहात, मूठ.

त्याने माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं.

इंटरप्रिटरने पदरचं काही घालायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी बोटं उघडू दिली. मग पुन्हा मूठ मिटली. या वेळी त्याने ती उघडली नाही. आईच्या पायाशी डोकं टेकून बसला. सखुबाई म्हणाली, "बराबर सांगितलं तुमी," आणि डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सिस्टर चादर वर ओढत होती, मी तिला थांबवलं. किसनने आईच्या नाकासमोर तळहात धरला. बराच वेळ धरला. मग मूठ त्याने स्वतः मिटली.

त्याला चुलतभावाने घरी नेलं. मी वहीची झेरॉक्स चुलतभावाच्या बायकोला, गंगाला दिली. "शिकते की," ती म्हणाली. "रोज जेवायला तर मलाच वाढायचंय." ती भूक, पाणी, घर शिकली. त्यापुढे तिलाही सवड नाही.

महिन्यातून एकदा मी जातो. किसन मला हातांनी लांबलचक काहीतरी सांगतो, मधेच हसतो. मला निम्मं कळतं. थकलेल्या बाईने दीड-दोन दिवसांत जेवढं सांगितलं तेवढंच वहीत आहे. उरलेलं निम्मं आता कोणालाच कळत नाही आणि ते त्याला माहीत आहे. तरी तो सांगतो.

मिलमधली जुनी पोरं कधी कधी फोन करतात. नोकरी सोडून मनासारखं काही करावं म्हणतात, सल्ला विचारतात. मी त्यांना सोडू नका म्हणत नाही. एवढंच सांगतो, मनासारखं काम म्हणजे सुखाचं काम, असं धरून येऊ नका. माझ्या कामात लोक मला त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी बोलावतात, आणि बहुतेक वेळा उशिरा बोलावतात.